ट्रेवर न आलेली कोळंबी

“…आणि ज्या दिवशी तू कोळंब्या काढल्यास, त्या दिवशी पाणी कसं होतं?” अबूचाचानं विचारलं.

“खारटपणा अठरा. बाकी सगळं ठीक,” शाल्मलीबाई म्हणाली. तिला वही बघावी लागत नाही. सगळं तोंडपाठ.

“ते नाही गो. भरती उधाणाची मोठी होती की भांगाची लहान?”

“त्यानं काय फरक पडतो चाचा? तलावाला बांध आहे.”



चाचा आमच्या बांधावरचा उघाडीवाला. खाडीचं पाणी तलावांत घ्यायचं आणि सोडायचं दार चाळीस वर्षं तोच उघडतो, तोच लावतो. बाकी जवळ एक लुंगी आणि एक सुरी. लोक फकीर म्हणतात. मी इथं सगळ्यांचं जेवण रांधते; माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, तरी मीसुद्धा चाचाच म्हणते. त्याला बरं वाटतं.

शाल्मलीबाई डॉक्टर, पण कोळंबीची. कोळंबीच्या अंगात म्हणे एक पोथी लिहिलेली असते. हिनं दोनशे कोळंब्यांची पोथी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचली. कोणती रोगाला टिकेल, कोणती कमी चाऱ्यात वाढेल, सगळं त्यात असतं.

“कालवणात कोणती गोड लागेल तेही असतं का?” मी विचारलं होतं.

ते नव्हतं म्हणे. मग एवढी मोठी पोथी कशाला लिहिली देवानं, कोण जाणे.

तर त्या दोनशेतून हिनं साठ निवडल्या. संध्याकाळी गाडी येऊन त्यांना बीजकेंद्रावर नेणार होती. पुढल्या साली बारा गावांच्या तलावांत त्यांचीच पिल्लं पडायची. दोन वर्षं रोगानं त्या गावांचे तलाव ओस पडलेले, सगळ्यांचे डोळे त्या साठांवर. पण चाचा ‘बऱ्या आहेत’ म्हणाल्याशिवाय गावं पिल्लू घेणार नव्हती. म्हणून बाई पेढे घेऊन आली होती. पेढा चाचाच्या हातात तसाच होता.

“काढल्यास कुठून?”

“चाऱ्याच्या ट्रेमधून. ट्रे खाली सोडला की खायला येतात. मग वर उचलायचा. दोनशे एकाच दिवसात मिळाल्या.”

“मऊ निघाल्या काही?”

“थोड्या. आजारी दिसल्या म्हणून परत सोडल्या.”

“तारीख?”

तिनं सांगितली. चाचा बोटाची पेरं मोजायला लागला. मी स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं, पान उलटलं आणि तिच्या नाकाखाली धरलं.

अमावास्या.

“मग?” ती म्हणाली.

“आज काय आहे बघ,” मी म्हटलं.

आजही अमावास्याच होती.

चाचानं पेढा माझ्या हातावर ठेवला आणि लुंगी खोचून तलावात उतरला. कमरेइतक्या पाण्यात पायानं चिखल चाचपत राहिला… मग वाकला. बाहेर आला तेव्हा मूठ बंद होती.

मूठ उघडली. कोळंबी. भिजलेल्या पोह्यासारखी मऊ. उडी नाही, फडफड नाही.

“ही आजारी?”

शाल्मलीबाईनं बोट लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

“कात टाकलीय,” ती म्हणाली. आवाज एकदम लहान.

जुनं कवच टाकल्याशिवाय कोळंबी वाढत नाही, हे मला तिनंच शिकवलं होतं, आल्याच्या दुसऱ्या दिवशी. मला ते आधीपासून ठाऊक होतं, पण तिला शिकवायची हौस म्हणून मी तोंड वासून ऐकलं. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला कात पडते, मऊ अंगाची कोळंबी चिखलात दडून बसते, नाहीतर बाकीच्या तिलाच खातात, एवढं काही मी तिला उलट शिकवलं नाही. चुकलंच माझं.

“म्हणजे त्या दिवशी वाढत होत्या त्या…”

“खाली होत्या,” चाचा म्हणाला.

“आणि माझ्या ट्रेवर आल्या त्या…”

“भुकेल्या होत्या.”

“मग पोथी मी चुकीची वाचली?”

“बरोबर वाचली असशील. मला वाचता येत नाही.”

चाचा परत पाण्यात गेला, कोळंबीला होती तिथंच ठेवून आला.

बाई टाकीपाशी गेली. निवडलेल्या साठ कोळंब्या आत मजेत फिरत होत्या, चकचकीत, टणक; वाढणाऱ्या मात्र तिच्या दोनशेत आल्याच नव्हत्या. तिनं फोन काढला.

“गाडी आज पाठवू नका… नाही, उद्याही नको… हो, मला माहीत आहे, या कामाला तीन वर्षं झाली.”

फोन ठेवून ती बांधाच्या कडेला खाली उतरली आणि चिखलात पाय घालून बसली. पाठ आमच्याकडे.

भात झाला. एरवी जेवणाला पहिला नंबर हिचा. झाकण उचलल्याचा आवाज आला की टोपापाशी हजर, आणि वर मलाच विचारणार, मावशी, उशीर का?

मी झाकण वाजवलं. हलली नाही.

“बाय, कालवण निवतंय गो,” मी हाक मारली.

नाही.

तिसऱ्यांदा वाजवायला झाकण उचललं, तर चाचानं त्यावर हात ठेवला.

“तिचं ताट झाकून ठेव,” तो म्हणाला. “आज हाका मारू नकोस.”