फडतरे पैलवानाची दवंडी

सांगायची माझी बिलकूल इच्छा नाही. चांगली गोष्ट सांगावी आणि ऐकणाऱ्यानं जांभई द्यावी, हे मी फार सोसलं. पण ओसरी अडवून बसलात, तर ऐका. मधे "मग?" म्हणायचं नाही!

निंबसरच्या महाराजांनी एक पैलवान पोसला होता, फडतरे आडनावाचा. पोसला म्हणजे जावयासारखा! सरकारी म्हशींचं दूध, बदाम, तूप. काम काय, तर जत्रेत कुस्ती. जत्रा आली. गडी आखाड्यात उतरला आणि असा शड्डू ठोकला, की पिंपळावरची वटवाघळं उडाली. समोर आला एक काटकुळा धनगर. फडतऱ्यानं त्याच्याकडं बघितलं, मग मातीकडं बघितलं.

"माती ओली हाय. आज नको," म्हणाला, आणि बसला की खाली!

झालं! लोकांच्या जिभेला काय हाड असतं? आभाळ गडगडून कोरडंच गेलं, की बाया म्हणायच्या, "फडतरलं!" फटाका सुरसुरून विझला, फडतरला. चावडीवर मिशा पिळणारा गडी घरी बायकोपुढं फडतरला. एक दिवस महाराज जेवायला बसले. पुरी टम्म फुगली आणि पानात पडताच चपटी झाली. आचारी मुदपाकखान्यातनं ओरडला, "फडतरली वाटतं!"

महाराज ताटावरून उठले. "आमच्या पैलवानाचं नाव पुरीला? बोलवा त्या दवंडीवाल्याला!"

दवंडीवाला रावबा धावत आला. मागं त्याची लेक हौसा.

"दवंडी दे! तो शब्द जो उच्चारील त्याला चावडीवर वीस फटके!"

"जी सरकार. कुठला शब्द म्हणून सांगू?"

"खबरदार! तुझ्या तोंडून निघाला तर पहिले फटके तुलाच! आणि एका जरी गावानं 'शब्द कळला नाही' म्हटलं, तर तुझी इनामाची जमीन जप्त!"

रावबानं घरी येऊन हलगी खुंटीला टांगली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. आजोबापासनं कसलेलं एवढंच एक रान. ते गेलं, तर खायचं काय? बोललं तर पाठ जाते, न बोललं तर रान जातं. वर हुकूम देणारा पोटभर जेवून झोपलेला!

हौसानं हलगी काढली. "बाबा, तुम्ही निजा. मी बघते."

ती वाड्यावर गेली. "सरकार, एक बैलगाडी द्या. आणि पैलवान द्या."

"पैलवान कशाला?"

"त्यांच्या नावाची अब्रू राखायची, आन् तेच नकोत व्हय?"

महाराजांना पटलं. फडतऱ्याला तर वाटलं, आपली मिरवणूकच निघाली. फेटा बांधला, गळ्यात हार घातला आणि गाडीत फतकल मारून बसला बैलोबा!

गावोगाव चौकात गाडी थांबे. हौसा हलगी कडाडवी. "ऐका हो ऐका! गाडीत बसल्यात त्यांच्या आडनावाचा जो शब्द तुम्ही करून ठेवलाय, तो आजपासनं बंद! बोलंल त्याला वीस फटके!"

शब्द कळला नाही असं एक गाव निघालं नाही. लोक पोट धरून हसले, आणि शब्द थांबला.

पण महिन्याभरात महाराज लालबुंद. भर दरबारात तिला बोलावून गरजले, "हौसा! शब्द गेला, पण आता लोक शड्डू ठोकतात आणि मटकन खाली बसतात! आमच्या दिवाणांसमोर काल भाजीवाली बसली! आम्ही शड्डू ठोकायलाच बंदी घालू!"

"घाला की. मग तालमींना कुलपं लावा. शड्डू ठोकल्याबिगर कुस्तीचं आव्हान हुतंय व्हय?"

महाराज पुन्हा तक्क्याला टेकले.

"सरकार, शब्द लोकांनी काढला न्हाई, पैलवानांनी काढला. जत्रंतला त्यो धनगर म्या संगं आणलाय, भाईर उभा हाय. एकदा भिडू द्या. हरले तरी चालंल. भिडले, की शब्द आपसूक मरतोय."

"वा! काय पैलवान, उतरता?"

फडतऱ्यानं शड्डू ठोकला. दरबार हादरला! मग त्यानं खिडकीतनं आखाड्याकडं बघितलं.

"सरकार... माती वाळलीया. अंग खरचटंल."

"अरे, हा तर पुन्हा फडतरला!" महाराज ओरडले.

दिवाणांनी डोळे मिटून घेतले. महाराजांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"हौसा... आता गं?"

"आता काय, सरकार. हुकूम पाळला, तर वीस फटके तुमच्या पाठीवर. आन् एवढा मोठा हुकूम गाजवून ऐन वक्ताला न्हाई पाळला, तर..."

पुढं ती बोललीच नाही. तिनं दणकून शड्डू ठोकला आणि महाराजांसमोर मटकन खाली बसली!

महाराज असे हसले, असे हसले, की तक्क्यावरून घसरले. हुकूम तिथल्या तिथं रद्द. रावबाचं रान कायमचं त्याच्या नावावर, आणि फडतऱ्याला दूध देणाऱ्या सगळ्या सरकारी म्हशी हौसाच्या गोठ्यात!

शब्द असा आला. "पाखरू फडफडतं त्यावरून आला" असं सांगून मला चारचौघांत अडाणी म्हणणाऱ्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. त्याचं नाव दत्तू कुरणे, पोस्टमास्तर.