उंबऱ्यावरची ओली माती

फार पूर्वी एका रानात कोणाचं बीळ कुठे, याची दरबारी नोंद साळिंदरबाई सांभाळायची. नोंदीच्या गुहेत शिरणाऱ्याचा पाय उंबऱ्यावरच्या ओल्या मातीत उमटे. तो ठसा कोणी पुसायचा नाही, असा नियम होता.

एक दिवस प्रधान कोल्हा आला. कालच सशाने त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती.

"सशाचं बीळ कुठे आहे, ते नोंदीत बघून जातो. मागून माती सारखी करून टाक."

साळिंदरबाई म्हणाली, "ठसा राहील, प्रधानजी."

"तुझंही बीळ याच नोंदीत आहे, विसरू नकोस."

"तेच आठवतंय. म्हणून तर पुसणार नाही."

कोल्ह्याने उचललेला पाय मागे घेतला. तो गेला, तरी साळिंदरबाईचे काटे दिवसभर खाली बसले नाहीत.