अत्तरदाणी आणि गुलाबदाणी

इंटरनेटवर लिलाव होऊ लागले होते आणि वस्तू अजून माणसांशी बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट.

जुन्या वस्तूंच्या एका ऑनलाइन लिलावासाठी चांदीची अत्तरदाणी आणि गुलाबदाणी आल्या. गुलाबदाणीच्या मानेला मोठा पोचा होता. लिलाववाले दिनानाथ म्हणाले, "अत्तरदाणीचाच फोटो काढू. गुलाबदाणी वितळवायला देऊ."

अत्तरदाणी म्हणाली, "एका लग्नात आमचं तबक हातातून सुटलं. ही आधी पडली आणि मी हिच्यावर, म्हणून मी धड राहिले. आमचा दोघींचा एकच फोटो काढा."

"किंमत निम्मी होईल तुझी."

"होऊ द्या."

दिनानाथांनी पोच्यासकट फोटो काढला. आठवडाभर कोणी बोलीच लावली नाही.

"एकटी असतीस तर केव्हाच गेली असतीस," गुलाबदाणी हळूच म्हणाली.

"एकटी कुठे गेले असते गं?"

शेवटच्या दिवशी मिरजेच्या वत्सलाबाई ओगल्यांनी दोघींना घेतलं. त्यांच्या लेकीचं लग्न होतं. गुलाबपाणी भरून त्यांनी गुलाबदाणीला विचारलं, "पाहुणे यायचेत अजून. पहिले थेंब कोणावर शिंपडू?"

गुलाबदाणीने अत्तरदाणीकडे पाहिलं. वत्सलाबाईंनी हात तिकडे वळवला.