शास्त्रीबोवांच्या तोंडून झाडे गेली

काळगंगेच्या काठच्या शिरवली गावी अवचितनाथ महाराज राहत होते, त्या काळची ही लीला. मठापाशी एक जुना उंबर होता. राही कुंभारीण रोज सकाळी त्याला तांब्याभर पाणी घाली आणि स्वतः जुळवलेली ओवी म्हणे:

उंबराच्या झाडा, तुझ्या घरी पाहुणे किती
मुंगी, पोपट, खार, मी, एका पंगतीला बसती

महाराज ऐकून डोलत. शेजारच्या विसाजीशास्त्र्यांना मात्र ती ओवी खपत नसे. शास्त्रीबोवा स्वतः कवी! वसंत ऋतूवर त्यांचे महाकाव्य चालले होते. "अगं, काव्याला व्याकरण लागतं, चिखल नव्हे," असे ते राहीला हिणवत. बिचारी खाली मान घालून निघून जाई.

एके दिवशी पोपटांच्या कलकलाटाने शास्त्रीबोवांचा श्लोक अडला. "तोडा हे झाड! त्याशिवाय मला वसंत सुचायचा नाही!" दत्ताच्या उंबराला हात लावायला एकही गडी धजेना. तेव्हा त्यांनीच कुऱ्हाड उचलली. राहीने बुंध्याला मिठी मारली, तर त्यांनी पलीकडून घाव घातला. पांढरा चीक वाहू लागला. राही ओरडली,

"महाराज, धावा हो!"

महाराज बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबोवा, पुढच्या घावाआधी तुमचा वसंत ऐकवा की जरा."

शास्त्रीबोवा खुलले. त्यांनी सूर लावला, "अहा! ... वरती बसुनी ... गातसे!" आंबा म्हणावा तर ओठ नुसते हलत! पळस नाही, मोगरा नाही, झाडाबरोबर त्यावरची कोकिळाही गेलेली. महाकाव्यात उरले फक्त 'अहा'! जमलेले लोक हसून लोळू लागले.

बायको घाबरून म्हणाली, "अहो, निदान जेवायला काय करू ते तरी सांगा!"

भात येईना, वांगे येईना, साधी मेथीसुद्धा जिभेवर येईना. शास्त्रीबोवांना रडूच कोसळले.

"महाराज, क्षमा करा!"

"घाव ज्याला घातलात, त्याची मागा."

ते झाडाकडे वळले. "हे... हे..." नावच आठवेना! शेवटी त्यांनी राहीला हात जोडले. "बाई, माझ्या वतीनं तूच बोल."

राहीच्या मनात आले, राहू दे असाच मुका. पण चीक अजून ठिबकत होता. तिने घावावर हात ठेवून ओवी म्हटली आणि काय नवल! घाव मिटला, साल पूर्ववत झाली.

"वांगं!" शास्त्रीबोवा आनंदाने ओरडले. मग आधी उंबरापुढे आणि नंतर, सगळ्या गावादेखत, राहीच्या पायांशी त्यांनी डोके टेकले.