गुणवंतच्या पीएच.डी.चा विषय

बोरखडी गावात एक भोळा एम.ए. राहायचा. नाव गुणवंत. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करायचा, एवढाच काय तो त्याचा दोष. आईने ठरवलं होतं, आपला गुणवंत डॉक्टर होणार. सुई न टोचणारा का होईना.

तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या उंबरजे मॅडम त्याच्या मार्गदर्शक झाल्या. म्हणाल्या, "गुणवंत, सोमवारी समिती बसणार. तोवर विषय ठरला नाही तर तुझी जागा गेली म्हणून समज. ज्याला आजवर कुणी हात लावलेला नाही, असा विषय घेऊन ये."

गुणवंत गावभर विचारत सुटला, "आपल्या गावात कुणीच हात न लावलेलं असं काय आहे?"

देवळातला गुरव म्हणाला, "त्या चिंचेवरचं गांधीलमाश्यांचं पोळं. कुणाची टाप आहे हात लावायची?"

गुणवंतने पोळं पोत्यात भरलं. कॉलेजात नेलं. मॅडमच्या टेबलावर ठेवून पोत्याचं तोंड सोडलं.

"मॅडम, विषय आणला."

मग मराठी विभाग असा पळाला, की खेळाच्या दिवशीही कुणी तसं पळालं नव्हतं. विभागप्रमुख जाचक सर तर खिडकीतून गेले. मॅडम टेबलाखालून ओरडल्या, "अरे मूर्खा, कशालाही हात लावायच्या आधी चार जणांना विचारावं!"

"बरं, मॅडम," गुणवंत म्हणाला. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता.

घरी आला तर आईने गॅसवर दूध ठेवलेलं. "बघ रे जरा," म्हणून ती शेजारी गेली. गुणवंत बघत बसला. दूध वर यायला लागलं. गॅस बंद करायचा म्हणजे बटणाला हात लावायला हवा. गुणवंत धावत बाहेर गेला.

"काका, दूध वर आलंय. हात लावू का?"

काका दाढी करत होते. म्हणाले, "कुणाचं दूध?"

समोरची मावशी म्हणाली, "गाईचं का म्हशीचं?"

तिसरे आजोबा कानाने ठार बहिरे. त्यांनी त्याला आशीर्वाद दिला. चौथी भेटली ती आईच.

आई घरात गेली आणि तिने ओटा पाहिला. "अरे बैलोबा! काळतोंड्या! चुलीत गेली तुझी अक्कल! वर येताना दिसलं की पाण्याचा हबका मारावा, गावभर विचारत काय फिरतोस?"

"बरं, आई."

दुसऱ्या दिवशी जाचक सरांनी त्याला बोलावलं. "माश्या आणणारा तूच का?" सर बोलू लागले. त्यांचा राग आधी गळ्यापर्यंत आला. मग गालांवर. मग कान लाल झाले. गुणवंत बघत होता. वर येतंय, येतंय... त्याने कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला आणि हबका मारला.

मॅडमनी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. "यापुढे सरांच्या डोळ्यांसमोर उभा राहू नकोस! कुणी शिकवलं तुला हे?"

"आईने." आणि त्याने सगळं सांगितलं, आईच्या शब्दांसकट.

मॅडम रागावणार होत्या. पण बैलोबापाशी त्यांना हसू फुटलं आणि काळतोंड्यापाशी डोळ्यांतून पाणी आलं. "अरे, हाच तुझा विषय! गावातल्या बायकांच्या तोंडच्या शिव्या!"

गुणवंतला आयुष्यात पहिल्यांदाच आपण हुशार आहोत असं वाटलं. तो दारोदार फिरून शिव्या मागू लागला. बायकाही सढळ हाताने द्यायच्या. काहींना तर त्याला बघूनच सुचायच्या.

सोमवारी समिती बसली. मधल्या खुर्चीत जाचक सर. गुणवंत आत आला आणि थेट सरांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. सरांनी डावीकडे वळून पाहिलं, तो उजवीकडे सरकला. सर उजवीकडे वळले, तो डावीकडे.

मॅडम दातओठ खात कुजबुजल्या, "इकडे ये! बोलताना सरांच्या पुढ्यात उभं राहावं. त्यांच्या डोळ्यांत बघावं. नाव घेऊन, मोठ्याने, न घाबरता बोलावं!"

"बरं, मॅडम."

तो पुढे आला. विषय सांगितला. बाहेरगावच्या तज्ज्ञ बाई खूश झाल्या. जाचक सरांच्याही कपाळावरची आठी गेली. "विषय चांगला आहे," ते म्हणाले. "मंजूर करायला हरकत नाही. एखादं उदाहरण ऐकवा."

गुणवंतने सरांच्या डोळ्यांत बघितलं. छाती भरून श्वास घेतला.

"जाचक सर! मुडदा बशिवला तुझा! माणूस आहेस का म्हसोबाचा रेडा? किडे पडले तुझ्या तोंडात! उलथ तिकडं, पुन्हा थोबाड दाखवू नकोस!"



"हे," सरांच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला, "हे असं बोलायला... कुणी शिकवलं तुम्हाला?"

गुणवंतने अदबीने मान लववली आणि बाजूला हात केला.

"आमच्या उंबरजे मॅडमनी, सर."