देवीच्या माहेरची माणसं

खाडीपलीकडे जुलमी राजा. अलीकडे देसायांचं संस्थान, दयाधर्माचा डंका पिटणारं. ऐन देवीच्या जत्रेदिवशी पलीकडची माणसं जीव मुठीत धरून होडीतून आली, तसे देसाई धक्क्यावरून गरजले, "काळी, परकी माणसं इथं नकोत! होडी फिरवा!"

त्यांच्यातली म्हातारी सगुणा शांतपणे म्हणाली, "फिरवतो आम्ही, बाबा. पण होडीत एक जागा राखून ठेवतो. पलीकडे मूर्ती फुटत होत्या, तेव्हा तुमच्या पणज्यानं देवी टोपलीत लपवून याच खाडीतून आणली ना? तीही काळी, तीही पलीकडची. तिलाही आणून बसवा."

देसाई वरमले. मग मिशीतल्या मिशीत हसत त्यांनी म्हातारीचं गाठोडं स्वतः उचललं आणि आचाऱ्याला हाक मारली, "पानं वाढा रे! देवीच्या माहेरची माणसं आलीत."