मथूचे खुंट

खाडीवर पूल झाला त्याच्याही कितीतरी आधीची, आपल्या पणजीच्या पणजीने ऐकलेली ही गोष्ट आहे. खाडीच्या अल्याड खाजणवाडी होती, पल्याड वैद्यांचं घर होतं, आणि मध्ये बाबल तरीवाल्याची होडी होती. भरती असली की होडी चाले. ओहोटी लागली की पाणी समुद्राकडे निघून जाई, मागे काळा चिखल उरे आणि होडी त्यात बसे. मग पुढच्या भरतीपर्यंत अल्याडचा माणूस अल्याड, पल्याडचा पल्याड.

चिखलात कोणी उतरत नसे. खाली ओढी राहते, ती पाय धरते आणि सोडत नाही, असं म्हणत.

वाडीत मथू नावाची बाई होती. लहानपणी तापात तिचा डावा पाय वाळला होता. काठीशिवाय तिला चालता येत नसे. नवरा वारला होता, गजी नावाची एक लेक तेवढी होती. एका दुपारी गजीला पान लागलं. आपल्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. मथू लेकीला पाठीवर घेऊन खुरडत काठावर आली, तेव्हा पाणी नुकतंच उतरलं होतं.

"बाबलदादा, पल्याड ने रे मला."

"होडी बसली गो. भरती येऊ दे."

"तोवर राहील का रे ही?"

मथूने चिखलात एक पाऊल टाकलं. चिखल घोट्याच्या वर चढला आणि ती किंचाळून मागे आली. भरती आली तेव्हा गजी गेली होती.

बाबलला कोणी दोष दिला नाही. होडी चिखलातून चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून मथू समोर आली की तो जाळ्याची गाठ सोडवत बसे, नसलेली सुद्धा.

पुढे एका ओहोटीला त्याला चिखलात काहीतरी लांबट दिसलं. काठाशी जाऊन बघतो तर मथू. जुन्या दाराची फळी चिखलावर टाकून ती तिच्यावर पालथी पडली होती आणि हातातली काठी पुढे खुपसत होती.

"काय गो, खाडीत भात लावतेस काय?"

"तळ शोधते."

"तिथे तळ नाही. ओढी आहे."

"असली तर भेटू दे. विचारते तिला, माझी वाट का अडवलीस म्हणून."

बोलताना तिचे दात वाजत होते. थंडी नव्हती. बाबलला ते दिसलं, आणि तो हसायचा थांबला.

मथू रोज उतरे आणि रोज घाबरून परत येई. एकदा ती फळीवरून घसरली, कंबरेपर्यंत रुतली. बाबलने दोर टाकून तिला ओढून काढलं. "आता पुरे कर," तो म्हणाला. मथू काठावर बसून हमसून रडली. दुसऱ्या ओहोटीला फळी पुन्हा चिखलावर होती.

आणि एके दिवशी तिची काठी कशावर तरी टक्‌कन वाजली. चिखलाखाली कालवांच्या शिंपल्यांचा बांध होता, दगडासारखा घट्ट, जेमतेम पाऊल मावेल एवढा. तो वाकडातिकडा जाई, मध्येच हरवे, पुन्हा सापडे. सापडेल तिथे मथू खैराचा एक खुंट ठोके. यात तिचे केस पिकले. ओढीलाच शेवटी तिची दया आली, तिने मथूचा वाळका पाय हातात धरून एकेका शिंपल्यावर नेऊन ठेवला, असं म्हणतात. मथू पल्याड चढली तेव्हा वैद्यांच्या बायकोने तिच्या पायांवर पाणी घातलं.

मग ओहोटीलाही वाट झाली. खुंट धरत धरत सुईणी जात, माहेरवाशिणी येत. बाबलही त्या वाटेने गेला. मथूला एकदा सांगावं, बाई, तू मोठं काम केलंस, असं त्याच्या मनात फार येई. उद्या सांगू म्हणून राहून जाई.

अशातच एका वर्षी शिमगा आला. होळीसाठी लाकडं पळवली तर ती आपल्याकडे चोरी धरत नाहीत. कोणाचं कुंपण जातं, कोणाचं मोडकं दार जातं, आणि ज्याचं जातं त्याने हसायचं असतं. त्या दुपारी पोरं ओहोटीत उतरली.

"बाबलआजा, मथूआजीचे खुंट नेऊ का रे? उद्या शिव्या घालील, मजा येईल!"

"न्या की. शिमग्याला कोण नको म्हणतो? उद्या नवे ठोका म्हणजे झालं," बाबल हसत म्हणाला.

पोरांनी अल्याडपासून खाडीच्या मधोमध उरणाऱ्या धारेपर्यंतचे खुंट उपटले. मथू सकाळच्या ओहोटीलाच पल्याड गेली आहे, सुताराच्या तापाने फणफणलेल्या मुलासाठी वैद्यांना आणायला गेली आहे आणि ते घरी परतेपर्यंत तिथेच थांबली आहे, हे सुताराच्या घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

दिवेलागणीला होळी पेटली. खुंट मात्र पेटेनात. वर्षानुवर्षं खारं पाणी प्यायलेलं लाकूड ते, त्याचा नुसता धूर झाला आणि सगळा खाडीकडे गेला. माणसांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकली. तेवढ्यात खाडीतूनही हाक आली.

"पल्याडचे बोंब मारतात रे! द्या उत्तर!" कोणीतरी ओरडलं.

बाबलने ती हाक ऐकली. आवाज बाईचा आहे असं त्याला क्षणभर वाटलं. मग सगळ्यांबरोबर त्यानेही तोंडावर हात मारला.

थोड्या वेळाने छातीपर्यंत चिखलाने भरलेले वैद्य होळीपाशी आले.

"मथू आली का?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्यावर खुंट संपले," वैद्य म्हणाले. "ती म्हणाली, काठी वाजेल तिथे मी उभी राहते, तुम्ही माझ्याकडे या. मी पोचायचो तर ती पुढच्या जागी उभी. लंगडत नव्हती हो. काठावर चढून मागे बघितलं, तर जिथे जिथे खुंट होता तिथे तिथे तीच उभी होती."

पेटत्या चुडी घेऊन माणसं धावली. उधाणाची भरती चढली होती. बाबलने होडी लोटली आणि उजाडेपर्यंत मथूला हाका मारल्या. उतरलेल्या पाण्यात तिची काठी दिसली, बांधात रोवलेली, सरळ. सुताराचा मुलगा वाचला.

त्यानंतर बाबल होडीत बसला नाही. ज्या चिखलाला तो जन्मभर भ्यायला, त्यात उतरून त्याने एकेक खुंट पुन्हा ठोकला. प्रत्येक खुंटाशी थांबून तो काहीतरी बोले, असं म्हणतात. काय बोले ते वाऱ्यामुळे कोणाला ऐकू आलं नाही.

आता पुलावरून एसटी जाते. तरी शिमग्याच्या दिवशी ओहोटी लागली की खाजणवाडीतला प्रत्येक घरचा माणूस एक खुंट घेऊन चिखलात उतरतो. सासुरवाशीण सुद्धा उतरते. संध्याकाळी होळी रचून तयार असते, पण बोंब मारत नाहीत. वाडीतली सगळ्यात म्हातारी बाई काठावर जाऊन विचारते, "कोण आहे का गो पाण्यात?" मग लहान मुलांनासुद्धा गप्प करून सगळी वाडी कान देऊन उभी राहते. भरतीचं पाणी काठाजवळच्या पहिल्या खुंटाला लागतं, आणि त्यानंतरच कोणीतरी काडी ओढतं.